इयागो करायला मिळालाय? मग आधी खलनायक विसरा

आमच्या सोलापुरात राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस जवळ आले की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, दादा शेक्सपिअरचं ऑथेल्लो बसवतोय, इयागो माझ्याकडं आलाय, जरा सांगा ना कसं करू. आता हे फोनवर सांगून होण्यासारखं नाही, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढतोय. ज्यांना नाटक माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, इयागो म्हणजे सेनापती ऑथेल्लोचे कान भरून त्याच्याच हातून त्याच्या बायकोचा, डेस्डेमोनाचा खून करवणारा माणूस. ज्या क्रमानं मी करायला पाहिजे होतं त्या क्रमानं लिहितोय. तुम्ही अख्खं नाटक करत असाल, नुसता एक प्रवेश करत असाल, किंवा नट नसाल पण हा माणूस असा का वागतो हे समजून घ्यायचं असेल, तरी याच पायऱ्यांनी जा.

आधी माझं काय झालं ते सांगतो कारण सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. आमच्या ग्रुपनं हे नाटक घेतलं तेव्हा पहिला महिनाभर मी खलनायक करत होतो. आवाज खालच्या पट्टीत, डोळे बारीक, मान जरा तिरकी, प्रत्येक वाक्यामागं काहीतरी काळंबेरं आहे असं दाखवत. मला वाटत होतं जमतंय. एका तालमीत आमच्या दिग्दर्शकांनी मधेच थांबवलं आणि म्हणाले, "काय बे, तुझ्याकडं बघून मी माझ्या गाडीची चावी पण देणार नाय तुला, आणि तो ऑथेल्लो त्याची बायको तुझ्या हवाली करायलाय. कसं काय?"

हे खरंच तसं आहे नाटकात. पहिल्या अंकात ऑथेल्लोला रातोरात सायप्रसला निघावं लागतं, नवीन लग्न झालेलं, आणि तो डेस्डेमोनाला सुखरूप आणायची जबाबदारी इयागोवर टाकतो, हा विश्वासू माणूस आहे असं सगळ्यांसमोर सांगून. आणि इयागो तिला खरोखर नीट पोचवतो, ऑथेल्लोच्या आधी! म्हणजे समोर एवढं मोठं सैन्य, एवढे सरदार, त्यातनं ज्याला हा माणूस निवडतो तो दिसायला आणि वागायला कसा असेल याचा विचार मी महिनाभर केलाच नव्हता. त्या दिवसापासून मी एकच गोष्ट धरून बसलो, इयागो करायचा म्हणजे विश्वास ठेवावासा वाटेल असा माणूस करायचा, दुष्टपणा नाटक आपोआप दाखवतं.

पायरी पहिली: त्याची नोकरी समजून घ्या

मनात शिरण्याआधी त्याचा पगार, हुद्दा, वय बघा. इयागो अठ्ठावीस वर्षांचा आहे, तो स्वतःच सांगतो चार साते अठ्ठावीस वर्षं दुनिया बघितली म्हणून. बरेच जण त्याला पन्नाशीचा मुरलेला माणूस करतात, तसं केलं की त्याची घाई आणि त्याचा जळफळाट दोन्ही निघून जातं. तो ऑथेल्लोचा निशाण धरणारा अधिकारी आहे, ऱ्होड्सला आणि सायप्रसला त्याच्या डोळ्यांसमोर लढलेला आहे. आणि वरची जागा मिळाली कॅसिओला, जो फ्लॉरेन्सचा, शिकलेला, दिसायला चांगला, बोलायला गोड, आणि इयागोच्या मते ज्यानं रणांगणात कधी एक तुकडी उभी केली नाही, नुसता हिशेब जाणणारा.

मराठीत वाचायचं असेल तर भरपूर आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्येच ऑथेल्लो मराठीत आणलं, मग गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये त्याचा 'झुंजारराव' केला, पुढं शिरवाडकरांनीही भाषांतर केलं. कुठलंही एक मराठी घ्या आणि शेजारी इंग्रजी ठेवा, इंग्रजी सगळं कळलं पाहिजे असं नाही, पण कुठं वाक्य तुटतंय, कुठं तो नुसता एक शब्द टाकून गप्प बसतोय हे मूळ ओळीत जास्त दिसतं.

आणि एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. शेक्सपिअरनं ही गोष्ट चिंथिओ नावाच्या इटालियन लेखकाच्या १५६५ च्या कथेवरून घेतलीये. त्या कथेतल्या खलनायकाला नाव पण नाही, पण कारण एकदम स्पष्ट आहे, त्याला डेस्डेमोना हवी होती, तिनं दाद दिली नाही, म्हणून तो उलटला. शेक्सपिअरनं नेमकं हे सरळसोट कारण मधनं काढून टाकलं. तयार कारण हातात असून ज्यानं ते ठेवलं नाही त्याला काहीतरी वेगळं दाखवायचं होतं, म्हणून आपण घाईघाईनं ते परत चिकटवू नये.

पायरी दुसरी: वहीत तीन रकाने पाडा

दोनशे पानी वही घ्या. डाव्या रकान्यात इतर लोक इयागोबद्दल काय बोलतात, मधल्यात तो लोकांना काय बोलतो, उजव्यात तो एकटा असताना काय बोलतो. प्रवेशाप्रमाणं भरत जा. दोन संध्याकाळी लागतात, जास्त नाही (ऑथेल्लोपेक्षा इयागोच्या ओळी जास्त आहेत, हजाराच्या पुढं, त्यामुळं मधला रकाना फुगतो).

डाव्या रकान्यात एकच शब्द परत परत येईल. मूळ इंग्रजीत 'ऑनेस्ट' आणि त्याची रूपं नाटकभर पन्नासेक वेळा आहेत आणि त्यातली बरीचशी इयागोच्या वाट्याला. आमच्या संहितेत या शब्दाला कुठं प्रामाणिक, कुठं भला, कुठं सरळ, कुठं विश्वासू असं केलेलं होतं, वाचायला छान, पण स्टेजवर त्याचा परिणाम शून्य. आम्ही सगळीकडं एकच शब्द केला, 'इमानी'. इमानी इयागो, इमानी इयागो, इमानी इयागो. दुसऱ्या अंकापर्यंत प्रेक्षकांना तो शब्द टोचायला लागतो आणि त्यासाठी तुम्हाला चेहऱ्यावर काही करावं लागत नाही. तुमच्या संहितेत हे झालं नसेल तर दिग्दर्शकांना हात जोडून विनंती करा.

पायरी तिसरी: कारणं मोजा, आणि मग त्यांच्यावर विश्वास ठेवू नका

ही पायरी सगळ्यात अवघड आहे आणि बहुतेक जण इथंच चुकतात, म्हणून सावकाश सांगतो.

उजव्या रकान्यातली, म्हणजे स्वगतातली कारणं एकाखाली एक लिहा, आणि रॉडरिगोला, म्हणजे डेस्डेमोनावर भाळलेल्या ज्या पैसेवाल्याला इयागो लुबाडतो त्याला, सांगितलेलं पण घ्या. पहिलं, बढती गेली. दुसरं, ऑथेल्लोनं माझ्या बायकोशी, एमिलियाशी संबंध ठेवले अशी लोकांत कुजबूज आहे, आणि लगेच म्हणतो की खरं आहे का माहीत नाही पण मी खरं धरूनच चालणार. तिसरं, मला पण डेस्डेमोना आवडते, पण नुसत्या वासनेनं नव्हे, जास्त करून सूड म्हणून. चौथं, कॅसिओचं पण माझ्या बायकोशी काहीतरी असेल. आणि एकदम पाचव्या अंकात, अंधारात तलवार काढायच्या वेळी, पाचवं, की कॅसिओच्या रोजच्या जगण्यात असं काही सुंदर आहे की त्याच्यापुढं मी कुरूप दिसतो.

आता हे बघा. तिसऱ्या अंकातल्या तिसऱ्या प्रवेशाच्या शेवटी ऑथेल्लो इयागोला कॅसिओची जागा देऊन टाकतो. म्हणजे पहिलं कारण संपलं! जे पाहिजे होतं ते मिळालं. तो थांबतो का? नाही. उलट त्याच क्षणी 'तिला मात्र जगू द्या' असं म्हणून ऑथेल्लोच्या डोक्यात डेस्डेमोनाचा खून सरकवतो. बढती हेच कारण असतं तर नाटक तिथं संपलं असतं.

कोलरिज या इंग्रज कवीनं यावर लिहून ठेवलंय की इयागोचा दुष्टपणा बिनकारणाचा आहे आणि तो त्याला कारणं शोधत फिरतो. त्यातलं अर्धं मला पटतं. कारणं शोधत फिरतो हे शंभर टक्के. पण बिनकारणाचा, हे मला पटत नाही, आणि नटाला तर ते काही उपयोगाचंच नाही कारण 'बिनकारण' कसं करून दाखवणार. मी नोकरी करतो तिथं एकदा माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलाला माझ्या वरची जागा मिळाली. मी त्याचं अभिनंदन केलं, पेढे खाल्ले. आणि त्या आठवड्यात घरी, मित्राजवळ, चहाच्या टपरीवर मी तीन वेगवेगळी कारणं सांगितली, एकदा त्याचा वशिला, एकदा साहेबांचा माझ्यावर राग, एकदा तर त्याच्या सर्टिफिकेटबद्दलच मी शंका काढली जी मला स्वतःला खरी वाटत नव्हती. खरं कारण एवढंच होतं की तो सगळ्यांना आवडायचा आणि मला ते सहन होत नव्हतं. हे मला कुणाला सांगता येत नव्हतं, बायकोलाही नाही. इयागोची तालीम करताना तो आठवडा मला आठवला आणि माझ्या अंगावर काटा आला.

म्हणजे कारणं भरपूर सांगतोय याचा अर्थ कारण नाही असा नव्हे, जे आहे ते तोंडावर आणता येत नाही असा आहे. आपल्याकडं षड्रिपूंमध्ये मत्सर सगळ्यात शेवटी येतो, काम क्रोध लोभ मोह मद मत्सर, आणि बाकीचे पाच माणूस कधी ना कधी कबूल करतो, मला राग येतो, मी लोभी आहे असं हसत सांगतो पण. 'मी जळतो' असं कोण म्हणतंय? इयागो नाटकभरात ते एकदाच म्हणतो, पाचव्या अंकात, एका वाक्यात. ते वाक्य अजिबात सजवू नका. घाईत, खाली बघून, जवळजवळ चुकून तोंडातून गेल्यासारखं म्हणा.

संशय आणि मत्सर यांची गल्लत पण करू नका. संशयाला तीन माणसं लागतात, मी, माझं माणूस आणि तिसरा, आणि आपल्याकडं आहे ते जाईल अशी भीती असते. मत्सराला दोनच पुरतात, त्याच्याकडं आहे आणि माझ्याकडं नाही. इयागो मत्सराचा रोगी आहे आणि तो ऑथेल्लोला संशयाचा रोग लावतो.

पुस्तकात आणि व्हिडिओत 'डार्क ट्रायड' वगैरे सापडेल, पॉलहस आणि विल्यम्स यांनी २००२ मध्ये मांडलेली तीन लक्षणांची कल्पना, म्हणजे स्वतःवरच फिदा असणं, डावपेच खेळणं, आणि दुसऱ्याच्या दुःखाचं काहीच न वाटणं. इयागोला तिन्ही लागू पडतात. वाचा जरूर, पण तालमीला ते घेऊन येऊ नका. लेबल करून दाखवता येत नाही, कृती करता येते. त्यापेक्षा मला पसायदानाचा जास्त उपयोग झाला. 'जे खळांची व्यंकटी सांडो', व्यंकटी म्हणजे वाकडेपणा, माऊली खळ मरो म्हणत नाहीत, त्याचा वाकडेपणा गळून पडो म्हणतात. म्हणजे आधी एक सरळ माणूस आहे आणि तो कुठंतरी वाकलाय. नटानं आधी तो सरळ माणूस उभा करायचा आणि मग बोट ठेवून बघायचं की वाक कुठून सुरू होतो.

पायरी चौथी: कुणाला कुठं धरलंय

आता प्रत्येक पात्रासमोर एकेक शब्द लिहा, इयागोनं त्याचं काय पकडलंय. रॉडरिगोची आशा, त्याला सारखं सांगतो पैसे गोळा कर, पैसे गोळा कर, आणि ते पैसे स्वतःकडं वळवतो. कॅसिओचा सभ्यपणा, दारू सोसत नाही हे माहीत असून मैत्रीखातर तो नाही म्हणू शकत नाही. डेस्डेमोनाची भलाई, ती कुणाची रदबदली करायला लागली की सोडत नाही. एमिलियाची नवऱ्याकडनं दोन चांगले शब्द ऐकायची इच्छा, म्हणून ऑथेल्लोनं डेस्डेमोनाला दिलेला रुमाल सापडल्यावर ती तो त्याला देते. लक्षात घ्या, रॉडरिगो सोडला तर बाकीच्यांचे दुर्गुण त्यानं धरलेले नाहीत, गुणच धरलेत. डेस्डेमोनाच्या चांगुलपणाचंच जाळं विणीन असं तो उघड म्हणतो.

ऑथेल्लोचं काय धरलं? बरेच जण म्हणतील प्रेम. मी म्हणेन परकेपणा. ऑथेल्लो मूर आहे, म्हणजे आफ्रिकेकडचा काळ्या वर्णाचा, व्हेनिसचा नाही, सेनापती म्हणून त्याला डोक्यावर घेतात पण मुलगी द्यायची वेळ आली की तोच ब्रॅबॅन्शिओ, डेस्डेमोनाचा बाप, जो त्याला घरी बोलावून त्याच्या लढाईच्या गोष्टी ऐकत होता, जादूटोणा केला म्हणून आरोप करतो. इयागो याच जागी सुई घालतो, आमच्या व्हेनिसच्या बायका मला माहीत आहेत, तुम्हाला नाही माहीत. सोलापूरकराला हे समजायला वेगळा अभ्यास नको. एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी घरं, एकमेकांच्या लग्नाला जेवायला जाणारी, आणि तरी कधीतरी कुणीतरी कुणाला 'तुला आमच्यातलं नाही कळायचं' असं सहज म्हणून जातं. ज्याला ते म्हटलं त्याला ते पुढं कितीतरी दिवस आठवत राहतं. आमचा ऑथेल्लो करणारा मित्र घरी तेलुगू बोलतो, त्यानं या वाक्यावर जी मान खाली घातली ती दिग्दर्शकांनी सांगितलेली नव्हती.

पायरी पाचवी: तिसरा अंक, तिसरा प्रवेश

सगळ्या नाटकाचा जीव इथं आहे. जवळपास पावणेपाचशे ओळींचा एकच प्रवेश, सुरुवातीला ऑथेल्लो बायकोवर जीव टाकणारा नवरा आहे आणि शेवटाला तो गुडघे टेकून सूडाची शपथ घेतोय. मधे कुणी मेलं नाही, कुठला पुरावा डोळ्यांनी बघितला नाही. झालं काय? आपल्याकडं याला नेमका शब्द आहे, कान भरणं. आणि गंमत बघा, इयागो स्वतः पण असंच म्हणतो, त्याच्या कानात विष ओतीन.

पण खरा कान भरणारा माणूस कसा असतो ते आठवा. तुमच्या भावकीत, सोसायटीत, ऑफिसात कुणीतरी असेलच. तो बडबडत नाही. तो अर्धं वाक्य टाकतो आणि 'जाऊ दे, मला काय करायचंय' म्हणतो. बस्स. उरलेलं वाक्य आपण रात्री झोप न लागता पूर्ण करतो.

प्रवेशाचे तुकडे पाडा, मी असे पाडले होते.

पहिला तुकडा, कॅसिओ डेस्डेमोनाशी बोलून लगबगीनं जातो, इयागो पुटपुटतो, हं, हे काही बरं नाही. काय म्हणालास? काही नाही. इथं ऑथेल्लोला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलू नका. खरंच स्वतःशी बोला, ऑथेल्लोनं ऐकलं तर ऐकलं.

दुसरा, प्रश्न आणि प्रतिध्वनी. तुमचं लग्न जमत होतं तेव्हा कॅसिओला माहीत होतं का? हो, तोच मधे होता. अस्सं? मग ऑथेल्लो एक शब्द बोलतो, इयागो तोच शब्द परत करतो. विचार? विचार, साहेब? ऑथेल्लो चिडतो की हा माझाच प्रतिध्वनी का करतोय. या तुकड्यात इयागो एकही आरोप करत नाही. तालमीत हे करून बघा, फक्त समोरच्याचा शेवटचा शब्द परत म्हणायचा, काळजीनं, आणि गप्प. दोन मिनिटांत समोरचा माणूस अस्वस्थ होतो, खरंच होतो.

तिसरा, नकार. मला काय वाटतं ते मी सांगणार नाही, माझं मन वाईट आहे, मी उगाच वाईट बघतो. आता ऑथेल्लोच मागं लागतो, सांग, सांग. इथपासून पुढं ढकलायचं काम तुमचं नाही, ओढायचं काम ऑथेल्लोचं. तुम्ही जितके मागं सराल तितका तो पुढं येतो. तुम्ही एक पाऊल जरी पुढं टाकलंत तर प्रवेश मेला.

चौथा, सावधगिरीचा सल्ला. साहेब, संशयापासून जपा. ज्यानं रोग लावलाय तोच पथ्य सांगतोय. मुळात इथं हिरव्या डोळ्यांचा राक्षस अशी प्रतिमा आहे, ती शब्दशः मराठीत आणू नका, आपल्याकडं हिरवा म्हणजे चुडा, हिरवा म्हणजे शेत, संशयाशी हिरव्याचा काही संबंध नाही. आम्ही काविळीचं केलं, काविळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, आणि प्रेक्षकांत एकदम शांतता झाली.

पाचवा, आणि सगळ्यात घातक, तिनं लग्न करताना बापाला फसवलं होतं. हे खोटं नाही! हेच वाक्य ब्रॅबॅन्शिओ पहिल्या अंकात जाता जाता बोलून गेलेला आहे. इयागो फक्त पडलेली वस्तू उचलून हातात देतो. त्याची बरीचशी वाक्यं अशी खरी किंवा अर्धी खरी आहेत हे वहीत खुणा करून बघा. नंतर मात्र खोटं सुरू होतं, कॅसिओ झोपेत काय बरळला वगैरे, पण तोपर्यंत ऑथेल्लोला खऱ्याखोट्याची गरज राहिलेली नसते, त्याला पुढचा घास पाहिजे असतो.

हा प्रवेश आमचा हॉलमध्ये जमतच नव्हता कारण आम्ही दोघं समोरासमोर उभे राहून बोलत होतो. मग आठवडाभर रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं चालत म्हटला. शेजारी शेजारी, दोघांची नजर समोर, पायांचा वेग एक. चालताना माणूस शेजारच्याचं जास्त ऐकतो आणि कमी तपासतो. नंतर स्टेजवर आम्ही तसंच ठेवलं, दोघं एका टेबलाला एकाच बाजूला, समोर नकाशे आणि कागद, काम चालू, बोलणं मधे मधे. डोळ्याला डोळा फक्त एकदाच, रुमालाच्या वेळी.

या प्रवेशात इयागो नावलौकिकावर बोलतो, की पैसा चोरला तर काहीच चोरलं नाही पण नाव चोरलं तर माणूस भिकारी होतो. टाळ्यांचं वाक्य. पण आदल्याच अंकात हाच माणूस, दारूच्या नादात जागा गेली म्हणून रडणाऱ्या कॅसिओला सांगतो की नावलौकिक वगैरे सगळं फोल आहे, जखम झाली असती तर वेगळं. आपली चादर आठवा, जकार्ड मागावर विणलेली, दोन्ही बाजूंना तीच नक्षी पण रंग उलटे. इयागो समोरच्याला जी बाजू पाहिजे ती वर करून अंथरतो. दोन्ही भाषणं तितक्याच मनापासून करा, यातलं त्याचं खरं मत कुठलं हे ठरवत बसू नका.

मधेच एक वाचन

हा प्रवेश बसत असताना देवलांचं 'संशयकल्लोळ' वाचा. ज्यांनी झुंजारराव लिहिलं त्यांचंच, आधी १८९३ मध्ये 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' म्हणून आलेलं आणि १९१६ मध्ये संगीत झालेलं. तिथं रुमालाच्या जागी तसबीर आहे, संशय तितकाच आंधळा आहे, फाल्गुनरावाचं डोकं ऑथेल्लोसारखंच चालतं, एकदा शंका आली की दिसेल ते पुरावा. पण आपण पोट धरून हसतो. का? कारण तिथं संशय एकटा आहे, त्याला कुणी शेजारी बसून काळजीनं पाणी घालत नाही, म्हणून शेवटी घोटाळा सुटतो. दोन्ही लागोपाठ वाचलं की इयागो नेमकं काय काम करतो ते स्वच्छ दिसतं, तो नुसता संशय पैदा करत नाही, तो घोटाळा सुटूही देत नाही.

पायरी सहावी: सगळं ठरवून करणारा नाही तो

बुद्धिबळपटूसारखा इयागो करू नका. पहिल्या अंकाच्या शेवटी तो प्रेक्षकांसमोर विचार करतो, कसं करू, कसं करू, बघू. त्याला माहीतच नाही अजून. रुमाल त्याला योगायोगानं मिळतो. कॅसिओ त्याच्या मैत्रिणीबद्दल, बियांकाबद्दल हसतो आणि ऑथेल्लोला लांबून वाटतं डेस्डेमोनाबद्दल हसतोय, एवढं इयागोनं जुळवलेलं असतं, पण त्यात बियांका स्वतः, इयागोनं कॅसिओच्या खोलीत टाकलेला तोच रुमाल घेऊन येते, हे त्यानं ठरवलेलं नव्हतं. त्याच्या नशिबानं होत गेलं. म्हणून प्रत्येक प्रवेशात त्याला नवीन काहीतरी सुचतंय, नवीन काहीतरी हाताला लागतंय असं करा, त्यात त्याला आनंद मिळतो, कामात रात्र कशी गेली कळली नाही असं तो म्हणतो पण. हा आनंद लपवू नका, आवडीचं काम मिळालेल्या माणसाचा आनंद असतो तसा तो आहे.

आणि भीती. चौथ्या अंकापासून त्याला घाम फुटलेला असला पाहिजे. रॉडरिगो दागिन्यांचा हिशेब मागतोय, कॅसिओ जगला तर बोलेल, ऑथेल्लो कुणाला विचारेल. आमच्या पहिल्या प्रयोगात मी शेवटपर्यंत थंड राहिलो आणि पाचवा अंक सपाट गेला, दुसऱ्या वेळी घाबरून केला आणि नाटकाला वेग आला.

पायरी सातवी: स्वगतं

स्वगत म्हणजे स्वतःशी नव्हे, प्रेक्षकांशी. हुतात्मा स्मृती मंदिरात उभं राहिलं की मधल्या रांगेतली एक खुर्ची निवडा आणि तिथं तुमचा जवळचा मित्र बसलाय असं समजा, ज्याच्याजवळ तुम्ही टपरीवर मन मोकळं करता. 'मी दुष्ट आहे असं कोण म्हणतो, मी तर चांगला सल्ला दिला' हे स्वगत त्याला खरंच विचारा, आणि उत्तरासाठी थांबा. प्रेक्षक हसतात. हसू द्या. तुमच्या बाजूनं हसलेत म्हणजे ते आता भागीदार झाले, आणि पाचव्या अंकात, डेस्डेमोनाचा खून होतो त्या पलंगाकडं बघताना त्यांना ते हसणं आठवणार आहे. गडगडाटी हास्य मात्र कुठंही नको.

घरी जाताना

हे थोडक्यात सांगतो पण टाळू नका. दीड-दोन महिने रोज तीन तास दुसऱ्याचं दुखणं शोधायची सवय लागते आणि ती तालमीच्या बाहेर येते, माझ्या बायकोनं मला दोनदा टोकलं की तू हल्ली माझे शब्द परत का म्हणतोस. तालीम संपली की ऑथेल्लो आणि एमिलिया करणाऱ्यांसोबत दहा मिनिटं बसा, चहा प्या, नाटकाबद्दल बोलू नका. एमिलियाला भोसकायची हालचाल तिच्याशी बोलून, तिला चालेल तशी आणि प्रत्येक वेळी तशीच.

शेवटची पायरी: गप्प बसणं

इयागोचा हिशेब एका माणसाच्या बाबतीत चुकतो, स्वतःच्या बायकोच्या. ती गप्प बसेल हे त्यानं गृहीत धरलेलं असतं, आयुष्यभर बसलीये म्हणून. ती बोलते, तो गप्प बस म्हणतो, घरी जा म्हणतो, ती बोलतच राहते, रुमालाचं खरं सांगून टाकते, आणि तो तिला मारतो. हा नाटकातला त्याचा एकमेव बिनविचाराचा क्षण, आणि तो सगळ्यांसमोर. इथं पहिल्यांदा लोकांना तो माणूस दिसतो जो आपल्याला स्वगतात दिसत होता.

मग ऑथेल्लो विचारतो, यानं माझ्या जिवाला असं का अडकवलं? आणि इयागो सांगतो, मला काही विचारू नका, जे माहीत आहे ते माहीत आहे, इथून पुढं मी एक शब्द बोलणार नाही. आणि नाटक संपेपर्यंत तो खरंच बोलत नाही. हजारावर ओळी बोललेला माणूस.

बरेच नट इथं हसतात, विजयी हसू. मी पण पहिल्यांदा हसलो होतो. पण तिसऱ्या पायरीवर परत जा, ज्यानं पाच कारणं सांगितली आणि त्यातलं एकही पुरेसं नव्हतं, त्याला आता सगळ्यांसमोर 'का' विचारलंय. मला वाटतं त्याच्याकडं उत्तर नाहीये. 'तो सगळ्यांना आवडायचा' एवढ्यासाठी एवढी प्रेतं, हे वाक्य तोंडातून निघूच शकत नाही. म्हणून ती ओळ आव्हान म्हणून फेकू नका, दार लावून घेतल्यासारखी म्हणा, आतल्या बाजूनं.

त्यानंतर स्टेजवर तुमचे हात बांधलेले असतात आणि करायला काहीच नसतं, सगळ्यात जास्त तालीम याचीच करा. व्हेनिसहून आलेला लोडोविको शेवटी त्याला सांगतो, त्या पलंगाकडं बघ, हे तुझं काम. तोपर्यंत पलंगाकडं बघू नका. जमिनीकडं बघा, सैनिकांच्या पायांकडं, विंगेकडं, कुठंही. त्या वाक्यावर मान वर करा, बघा, आणि बघतच राहा, प्रकाश पूर्ण जाईपर्यंत पापणी न हलवता, आणि त्या वेळी मनात कुठलाही भाव आणायचा प्रयत्न करू नका, फक्त पलंगावर किती जण आहेत ते मोजा.